कॅज्युअल्टीत रुजू होण्याआधी

चि. सायली,

पुढच्या आठवड्यात तुझी कॅज्युअल्टीची पोस्टिंग सुरू होते आहे. तिथे औषधांइतकंच बोलण्याचंही काम पडेल आणि ते शिकवायला कुणाला फारशी सवड नसते, म्हणून हे पत्र. संतापलेल्या माणसाला आधी समजवायचं नसतं, त्याला ऐकता येईल इतपत शांत करायचं असतं. ही दोन कामं वेगळी आहेत; त्यांचा क्रम उलटला की खरं बोलणाराही मार खातो. भीतीने पेटलेल्या माणसाला तुझा स्वर कळतो, तुझे हात दिसतात. लांबलचक खुलासा डोक्यात शिरत नाही. ‘बेड नाही, कारण...’ यातलं ‘नाही’ तेवढं त्याच्या कानी पडतं. ‘शांत व्हा’ म्हणालीस, तर तुमचा राग खोटा आहे असंच त्याला ऐकू येईल.

तातडीच्या मानसोपचारात काम करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये याविषयी सूत्रं प्रसिद्ध केली. दोन हातांचं अंतर राखा, वाक्यं छोटी ठेवा, तेच पुन्हा सांगायला कंटाळू नका, असं त्यांत आहे. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सहमतीचं सूत्र. त्याच्या बोलण्यात जे खरं असेल ते आधी मान्य कर. ‘दीड तास झाला आणि तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही, हे खरं आहे.’ एवढ्याने उपचारातली चूक कबूल होत नाही, पण भांडायला लागणारी भिंत निघून जाते. दुसरं सूत्र म्हणजे एकानेच बोलणं, आणि आपल्याकडे तेच सर्वांत अवघड. इकडून सिस्टर, वॉर्डातले मामा, इंटर्न आणि सिक्युरिटी, तिकडून पाच-सहा नातेवाईक, सगळे एकदम बोलतात. अशा वेळी ‘तुमच्यापैकी माझ्याशी कोण बोलेल?’ एवढं विचार. जमावाला उत्तर देता येत नाही, माणसाला देता येतं.

आणि आरडाओरडा करणारा स्वतः पेशंटच असेल, तर हा स्वभाव की लक्षण, हे आधी पाहा. रक्तातली साखर उतरलेला, डोक्याला मार लागलेला, ऑक्सिजन कमी पडत असलेला, दारू अचानक सुटलेला माणूसही अंगावर येतो. ‘दारुडा आहे’ असं म्हणून त्याची साखर न तपासणं, ही चूक जिवावर बेतू शकते.

तू म्हणशील, ही शरणागती झाली. कायदा आहे ना? आहे. महाराष्ट्राने २०१० मध्येच तो केला. डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर हल्ला झाला आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कायदा हवाच, त्याचा वापरही व्हायला हवा, पण तो तुझ्यापर्यंत पोचतो तो फटका बसल्यावर. त्याआधीची काही मिनिटं तुझ्या हातात असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मनोविकाराच्या भरात आक्रमक झालेल्या रुग्णांवर बोलून शांत करण्याचा काय परिणाम होतो, याचे पुरावे कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये शोधले, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही. म्हणून मी तुला खात्री देत नाही. पण पुरावा नसणं म्हणजे निष्फळ असणं नव्हे, आणि दुसरा मार्ग काय आहे तेही पाहा. बांधून ठेवण्यात रुग्णाला आणि बांधणाऱ्यालाही इजा होते. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही तत्काळ होणारी इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच तशी परवानगी देतो. आधी बोलून पाहण्यात तोटा फार थोडा आहे.

तोटा होतो तो बोलत राहण्याचा हट्ट धरल्यावर. हातात शस्त्र असेल, कुणी दाराची वाट अडवली असेल, किंवा तुझं प्रत्येक वाक्य त्याला अधिक भडकवत असेल, तर बोलणं थांबव, बाहेर पड, मदत बोलाव. त्यात कमीपणा नाही. आणि शांत करण्यासाठी खोटं कधी बोलू नकोस. ‘पाच मिनिटांत सर येतात’ म्हणालीस आणि ते आले नाहीत, तर सहाव्या मिनिटाला तुझ्या जागी उभ्या असलेल्या सिस्टरला त्याची किंमत मोजावी लागेल. माहीत नसेल तर ‘विचारून येते’ म्हण, आणि खरंच विचारून परत ये.

तुझा,
काका