ढाल ल्यालेला मासा

सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी, आज जेथे स्कॉटलंड देश आहे तेथील पाण्यात, एक विलक्षण मासा तळाशी वावरत असे. लांबीने तो जेमतेम वीतभर. परंतु त्याचे सारे मस्तक हाडाच्या एकसंध ढालीने झाकलेले होते. डोळे ढालीच्या माथ्यावर अगदी जवळजवळ, त्यांच्यापुढे एकच नाकपुडी आणि तोंड खालच्या बाजूस. या तोंडाला जबडा मात्र नव्हता! तळच्या गाळातील बारीक अन्नकणांवर तो निर्वाह करीत असावा.

लुई आगासीझ या स्विस शास्त्रज्ञाने १८३५ साली त्याला 'सेफॅलॅस्पिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'केफाले' म्हणजे मस्तक व 'अस्पिस' म्हणजे ढाल. ह्यू मिलर या स्कॉटिश पाथरवटाला त्याची आकृती जीनगराच्या रापीसारखी वाटली. मस्तक हे चंद्रकोरी पाते आणि धड ही तिची मूठ.

पण ढालीच्या आत काय होते? मांस तर केव्हाच नाहीसे झाले होते. तथापि मेंदू, नसा व रक्तवाहिन्या यांच्या पोकळ्या हाडात तशाच राहिल्या होत्या. स्वीडनच्या एरिक स्टेन्शिओने स्पिट्सबर्गेन बेटावरील याच कुळातील मत्स्यांचे जीवाश्म घेतले. दगड किंचित घासावा, उघड्या पडलेल्या थराचे चित्र काढावे, पुन्हा घासावा, असा त्याचा क्रम होता. एकदा घासलेला थर परत मिळणे नव्हते. हात चुकला, तर कोट्यवधी वर्षे टिकलेला पुरावा क्षणात नष्ट होणार होता! १९२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्या मस्तकाची अंतर्रचना जगाला कळली.

हे मासे आजच्या जबडाहीन लँप्रेचे आप्त होत, असे स्टेन्शिओचे मत होते. पुढे ते मत मागे पडले. त्यांच्या मस्तकामागील परांची जोडी व हाडांची रचना पाहता, ते जबडा असलेल्या प्राण्यांचे, म्हणजे आपलेही, जवळचे आप्त होत, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आता क्ष-किरणांच्या साहाय्याने दगड न घासताही आतील रचना पाहता येते. तरीही स्टेन्शिओची वर्णने अभ्यासक आजही आदराने उघडतात. अनुमान बदलले, प्रामाणिक निरीक्षण मात्र टिकून राहिले.

स्वाध्याय
१. दगड घासताना स्टेन्शिओला सावध का राहावे लागे?
२. 'अनुमान' आणि 'निरीक्षण' यांतील फरक पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.