पिवळी पडलेली खेळणी आणि उतावळे उपचार

माझ्या संग्रहातील काही जुनी खेळणी काळाच्या ओघात पिवळी पडली होती. ती पूर्ववत् शुभ्र करून देण्याचे एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी आपण होऊन पत्करले, आणि त्यांच्या हातून ती ज्या स्थितीत परत आली त्याची कैफियत येथे मांडतो ती कोणाविरुद्ध तक्रार म्हणून नव्हे, तर ज्यांच्या कपाटांत असा ठेवा आहे त्यांनी वेळीच सावध व्हावे म्हणून.

त्यांत सर्वांत अधिक हानी झाली ती लेगोच्या जुन्या पांढऱ्या ठोकळ्यांची. हे ठोकळे १९६३ पासून एबीएस नामक प्लास्टिकचे बनू लागले. त्या प्लास्टिकच्या घटनेत ब्युटाडाइनचा जो रबरासारखा अंश असतो, तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या व उष्णतेच्या साहाय्याने हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, आणि त्यातून पृष्ठभागावर पिवळसर द्रव्ये निर्माण होतात. वर्षानुवर्षे एकमेकांवर बसविलेले दोन ठोकळे सोडवून पाहिले, म्हणजे याचा प्रत्यक्ष दाखला मिळतो: झाकलेला भाग स्वच्छ पांढरा, उघडा भाग पिवळट, आणि दोहोंमधील सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ. उक्त गृहस्थांनी या ठोकळ्यांना केशकर्तनालयांत वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे मलम फासून भर दुपारच्या उन्हात गच्चीवर मांडले. पिवळेपणा गेला खरा. परंतु जेथे मलम वाळले तेथे पांढरट ओघळ कायमचे उमटले, कित्येक ठोकळे पुन्हा जोडताना तडकले, आणि काही पावसाळे उलटताच पिवळी छटा परतली, ओघळ मात्र तसेच राहिले. कारण उघड आहे. पेरॉक्साइड रंग घालविते, पण प्राणवायूने ठिसूळ झालेल्या पृष्ठभागास पूर्वीची बळकटी देत नाही, आणि ज्या उन्हाने मूळ बिघाड केला त्याच उन्हात वस्तू पुन्हा ठेवावी लागते.

याहून मनाला लागली ती सावंतवाडीच्या चितारआळीतील लाखेचा लेप दिलेल्या एका लाकडी आंब्याची अवस्था. वरचे पिवळेपण जुनाट दिसते, म्हणून त्यांनी तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते ही गोष्ट रंगकाम करणाऱ्या कोणासही ठाऊक असते. बोळ्यावर देठाजवळची तांबूस झाक उतरली, तिच्यामागोमाग चकाकी गेली, आणि खालचे कोरे लाकूड उघडे पडले. लाखेच्या खेळण्यास कोरडे मऊ फडके पुरेसे असते. कडक ऊन, गरम पाणी आणि स्पिरिट या तिहींपासून त्यास दूर ठेवावे.

यावरून निघणारा पहिला नियम असा की, रंग का बदलला हे ठरविण्यापूर्वी वस्तू कशाची आहे हे ठरवावे. घासल्यावर कापराचा वास देणारी जुनी पातळ बाहुली बहुधा सेल्युलॉइडची असते. ती अत्यंत ज्वालाग्राही असून कुजू लागली म्हणजे तिच्यातून सुटणारे आम्लधर्मी वायू शेजारच्या धातूसही खातात, तस्मात् तिची तजवीज स्वतंत्र, हवेशीर व आगीपासून दूर अशा जागी करावी. मऊ पीव्हीसीच्या बाहुलीच्या कानांभोवती हिरवा डाग दिसला, तर तो कर्णभूषणातील तांब्याचा समजावा आणि प्रथम ते कर्णभूषण काढावे. डागावर मुरुमांचे मलम लावल्यास त्या जागी पुढे फिकट चट्टा पडण्याचा संभव असतो. छापील पत्र्याच्या मोटारीस पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये.

दुसरा नियम बंदोबस्ताचा. खेळण्यांचे कपाट खिडकीसमोरून हलवावे. नाजूक रंगांच्या वस्तूंवर संग्रहालये सुमारे ५० लक्सहून अधिक उजेड पडू देत नाहीत, हे प्रमाण घरीही डोळ्यांपुढे असावे. कोकणासारख्या दमट प्रदेशात वस्तू भिंतीला टेकवून ठेवू नयेत. प्रत्येक खेळण्याचे छायाचित्र व तपशील वहीत नोंदवावा, म्हणजे बदल किती झाला याचा पुरावा हाती राहतो. एबीएसचे ठोकळे ४० अंशांहून कमी तापमानाच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत. पुष्कळदा पिवळेपणाचा अर्धा भाग मळाचाच निघतो.

एवढे करूनही पेरॉक्साइड वापरण्याचा हट्ट असेल, तर छापील चित्र नसलेला एखादाच दुय्यम ठोकळा घ्यावा, हातमोजे घालून तो सौम्य द्रावणात पूर्ण बुडवावा, भांड्याचे झाकण घट्ट लावू नये, आणि काही महिने परिणाम पाहिल्याखेरीज दुसऱ्यास हात लावू नये. पिवळा पडलेला ठोकळा पुढील पिढीला दाखविता येतो. तडकलेला ठोकळा आणि पुसला गेलेला आंबा यांवर इलाज नाही. म्हणून संग्राहक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच, की जो उपचार मागे घेता येत नाही, तो आपल्या ठेव्यावर कोणासही करू देऊ नये.