कॉम्प्युटरवर मालाचे चित्रीकरण : काय घ्यावे, काय घेऊ नये

नमुन्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा दलाल आता क्वचितच दिसतो. त्याचे काम मोबाईलवर येणारा व्हिडीओ करू लागला आहे. नांदेड, परभणी, चिपळूणचा किरकोळ दुकानदार पेठेत पाऊल न ठेवता साड्या आणि ड्रेस मटेरियल मागवतो. सन २०२० च्या टाळेबंदीत ही सवय लागली, ती पुढेही राहिली. त्यामुळे व्हिडीओ घेणे ही पूर्वी हौस होती, आता तो धंद्याचा एक खर्च झाला आहे आणि इतर खर्चांप्रमाणे त्याचाही हिशेब मांडला पाहिजे.

आमचा स्वतःचा अनुभव आधी सांगतो. सन २०२२ च्या ईदेच्या मोसमात आम्ही एका दुकानदाराला मोरपंखी रंगाच्या ४८ साड्या पाठवल्या. मोबाईलवरच्या व्हिडीओत त्या निळ्या दिसल्या होत्या. गिऱ्हाईकाने निळ्या म्हणून मागवल्या होत्या, त्यामुळे सर्वच्या सर्व परत आल्या. जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले आणि माल परत येईपर्यंत मोसम निघून गेला. त्याच वर्षी दुसऱ्या गावाहून तक्रार आली की गठ्ठ्यात सहा नग कमी निघाले. आमच्या गुमास्त्याने नग मोजून भरले होते, पण दाखवायला काही नव्हते. सहा नगांचे पैसे वजा करून द्यावे लागले.

व्यापाऱ्याला कॉम्प्युटरवर चित्रीकरण लागते ते या दोन कामांसाठी. एक, मालाचा खरा रंग आणि पोत दाखवणे. दुसरे, बांधणी करताना किती नग भरले त्याची नोंद ठेवणे. खरेदीला जाण्यापूर्वी या दोन कामांपैकी आपल्याला कोणते हवे आहे ते ठरवावे, कारण दोहोंचे सामान वेगळे आहे. दुकानदार जे सांगेल ते घेतले तर पैसा भलत्याच ठिकाणी जातो.

कोणी विचारील, मोबाईल असताना कॉम्प्युटर कशाला? दोन मिनिटांचा नमुना दाखवायचा तर मोबाईल पुरतो. परंतु मध्येच फोन वाजतो, मेमरी भरते आणि बांधणीच्या टेबलावर तो तासन् तास अडकवून ठेवता येत नाही. शिवाय कॉम्प्युटरवर एक मोठी सोय आहे. पडद्यावरचे बिल आणि टेबलावरचा माल दोन्ही एकाच चित्रात घेता येतात. नग कमी पडल्याच्या तक्रारीला याहून सरळ उत्तर दुसरे नाही.

आता सामानाकडे वळू. पहिला पैसा दिव्यावर घालावा. आमच्यासह बहुतेकांनी आधी कॅमेरा घेतला आणि चूक केली. पिवळ्या बल्बखाली डाळिंबी रंग विटकरी दिसतो, स्वस्त एलईडीखाली लाल रंग मेलेला दिसतो. दिव्याच्या खोक्यावर 'सीआरआय' नावाचा आकडा असतो. दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे ते माप असून १०० हा सर्वांत वरचा आकडा आहे. कापडासाठी ९० च्या खाली घेऊ नये. ५००० किंवा ५५०० केल्विनचे एकसारखे दोन दिवे घेऊन ते कापडाच्या दोन्ही बाजूंना तिरपे लावावेत. जरी किंवा बुट्टीची वीण उठून दिसायला हवी असेल तर एक दिवा बंद करून दुसरा खाली, बाजूला न्यावा. उजेड कापडावरून सरपटत गेला की धागा दिसू लागतो. दुकानातील जुनी ट्यूब त्या वेळी बंदच ठेवावी. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की कोणताही कॅमेरा गोंधळतो.

दिव्यासंबंधी आणखी एक भानगड आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, आणि वेबकॅम त्या हिशेबावर लावलेला असेल तर चित्रात वरखाली सरकणारे काळपट पट्टे येतात. लोक कॅमेरा बिघडला म्हणून परत नेतात. वास्तविक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' ५० केली की बहुधा काम भागते.

कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. उभ्या १०८० ओळींचे चित्र आपल्या कामाला पुरते. रंग, उजेड आणि फोकस हाताने बांधून ठेवता येतात का, हे विचारावे. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपोआप चालणारा कॅमेरा असे गृहीत धरतो की समोरचे एकूण दृश्य मध्यम, राखी वळणाचे आहे. समोर चौकटभर मरून साडी आली की त्याला वाटते उजेडच तांबडा आहे, आणि तो तांबडा रंग काढून टाकतो. काळ्या बुरख्याचे कापड पसरले की त्याला वाटते अंधार आहे, म्हणून तो चित्र उजळतो आणि काळे कापड राखी दिसते. आमची मोरपंखी साडी अशीच निळी झाली होती. उपाय असा : कॅमेऱ्यासमोर पांढरा कोरा कागद धरावा, तो पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स जुळवावा, मग 'ऑटो' ची खूण काढावी. उजेडाचे आणि फोकसचेही तसेच. कापड हलले की आपोआप फोकस पुढेमागे धावतो आणि पाहणाऱ्याला गरगरते. लॉजिटेकच्या सी९२० सारख्या वेबकॅमवर हे सर्व हाताने लावता येते. हा कॅमेरा २०१२ सालचा आहे, पण बांधणीच्या टेबलाला आजही उपयोगी आहे.

घरात लग्नकार्याच्या फोटोंसाठी घेतलेला चांगला कॅमेरा पडून असेल तर वेबकॅमपेक्षा तो सरस. त्याला एचडीएमआयचे भोक असते. तिथून निघालेली तार 'कॅप्चर कार्ड' नावाच्या छोट्या डबीतून कॉम्प्युटरला जोडावी लागते. मात्र कॅमेरा घेण्याआधी, त्या तारेतून पडद्यावरचे आकडे आणि बॅटरीची खूण न येता स्वच्छ चित्र बाहेर पडते का, हे पाहावे. काही कॅमेऱ्यांत ती अक्षरे काढताच येत नाहीत.

कॅप्चर कार्डाच्या बाबतीत बाजारात बरीच फसगत होते. काही शेकड्यांत मिळणाऱ्या डबीवर '४के' असे ठळक छापलेले असते. ती ४के चित्र आत घेते हे खरे, पण कॉम्प्युटरला देते ते १०८० चे. हिशेब करून पाहू. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, सेकंदाला ३० चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट, बिटांत मोजले तर जवळजवळ १००० मेगाबिट. जुन्या यूएसबी २ ची क्षमता कागदोपत्री ४८० मेगाबिट आहे. १००० चा माल ४८० च्या दारातून जायचा तर तो दाबूनच भरावा लागणार. स्वस्त डबी चित्र आधीच दाबून पाठवते, त्यात बारीक वीण पुसट होते. यूएसबी ३ ची क्षमता ५००० मेगाबिटपासून सुरू होते, त्यातून न दाबलेले चित्र जाते. बांधणीच्या नोंदीला स्वस्त डबी चालेल. रंग आणि पोत दाखवायचा असेल तर यूएसबी ३ चे कार्ड घ्यावे आणि ते कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ च्या भोकातच लावावे. ते भोक बहुधा आतून निळे असते.

इथे कापडवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेहमीच्या व्हिडीओत प्रत्येक बिंदूचा उजेड वेगळा नोंदला जातो, पण रंग चार बिंदूंमध्ये मिळून एकच नोंदतात. माणसाच्या चेहऱ्यात ते कळत नाही. निळ्या जमिनीवरची लाल बारीक रेघ मात्र जांभळट आणि पसरलेली दिसते. म्हणून पूर्ण साडी दाखवून झाली की काठ आणि पदर जवळून, चौकटभर घ्यावा. चौकड्याच्या लुंगीवर लाटा हलल्यासारखे दिसते, त्यावरही कॅमेरा थोडा पुढेमागे किंवा तिरपा करणे हाच इलाज. इतके करूनही गडद मोरपंखी आणि भडक राणी असे काही रंग साध्या पडद्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. अशा मालाची कात्रण टपालाने पाठवावी. तितका खर्च परवडतो.

कॉम्प्युटर फार भारी लागत नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी डिस्क असावी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून 'क्विक सिंक' नावाची सोय येते. व्हिडीओ दाबण्याचे काम ती वेगळे करते आणि मुख्य प्रोसेसर मोकळा राहतो. एनव्हिडियाच्या कार्डात तेच काम 'एनव्हीएन्क' करते. नवा डेस्कटॉप घेताना इंटेलच्या नंबरामागे 'एफ' अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्सचा भाग नसतो, म्हणून क्विक सिंकही नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल तर असा प्रोसेसर टाळावा. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. जुने मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर त्यावर विंडोज ११ चालते का, हे आधी विचारावे.

सॉफ्टवेअरवर पैसा घालण्याची गरज नाही. 'ओबीएस स्टुडिओ' नावाचे सॉफ्टवेअर २०१२ पासून फुकट मिळते आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे. मिळत्याजुळत्या नावाच्या जागांवरून घेतले तर सोबत नको ते येते. पैसे मागणाऱ्या काही सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत चित्रावर त्यांच्या नावाचा शिक्का उमटतो किंवा थोड्या मिनिटांनी चित्रीकरण थांबते, हेही लक्षात असू द्यावे. फक्त पडद्यावरचे काम टिपायचे असेल, उदाहरणार्थ मुनीमाला जीएसटीचे पत्रक कसे भरावे ते दाखवायचे, तर विंडोज ११ मधील 'स्निपिंग टूल' पुरते आणि मॅकवर 'क्विकटाइम'.

ओबीएस उघडले की पहिल्यांदा घाबरायला होते. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी बटणांची ती रांग पाहून मी ते दोनदा बंद केले होते. प्रत्यक्षात दोनच शब्द समजून घ्यायचे आहेत. 'सोर्स' म्हणजे कॅमेरा, पडदा, माइक यांतील एकेक वस्तू. 'सीन' म्हणजे त्या वस्तूंची मांडणी. आम्ही दोन सीन केले आहेत. एकात नुसते कापड. दुसऱ्यात डावीकडे बांधणीचे टेबल, उजवीकडे बिलाची खिडकी, आणि टेबलामागच्या भिंतीवर घड्याळ. सुरू आणि बंद करण्यासाठी दोन बटणे नेमून दिली आहेत. गठ्ठ्यागणिक एक फाइल आणि फाइलला बिलाचा नंबर, असा शिरस्ता आहे.

वीज जाणे आपल्या नशिबी आहेच. साध्या एमपी४ मध्ये चित्रीकरण चालू असताना वीज गेली तर सगळी फाइल उघडेनाशी होते, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. 'एमकेव्ही' प्रकारात तोपर्यंतचे चित्र शाबूत राहते. नंतर ओबीएसमध्येच 'रीमक्स' करून त्याचे एमपी४ करता येते, चित्राची प्रत बिघडत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून 'हायब्रिड एमपी४' हा प्रकारही मिळतो, त्यातही हीच काळजी घेतलेली आहे. शक्य असेल तर लहानसा यूपीएस ठेवावा.

जागेचा हिशेब असा. माल दाखवण्याच्या व्हिडीओला सेकंदाला १०,००० किलोबिट ठेवावे, म्हणजे मिनिटाला ७५ मेगाबाइट. बांधणीच्या नोंदीला २,५०० पुरतात, तासाला सव्वा जीबीच्या आत. दिवसाला चार तास बांधणी चालली तर महिन्याच्या २६ दिवसांचे सुमारे ११७ जीबी होतात आणि एक टीबीच्या डिस्कवर आठ महिन्यांचे काम मावते. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' प्रकारचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही.

आवाजाबद्दल थोडेच. मालेगावात यंत्रमागाचा खडखडाट माइकमध्ये येणारच. कॉलरला लावायचा माइक घ्यावा आणि ओबीएसमधील आवाज गाळण्याची चाळणी लावावी.

व्हॉट्सॲपवर व्हिडीओ नेहमीप्रमाणे पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि वर केलेली मेहनत वाया जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास आहे तसाच जातो. २०२२ पासून अशी २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. ठिगळ, डाग, सुटलेला धागा असेल तर तोही त्याच व्हिडीओत दाखवून द्यावा. दोष झाकून माल विकू नये ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे, आणि परतीचे भाडेही वाचते.

बांधणीचा व्हिडीओ दाखवला की बहुतेक तक्रारी फोनवरच मिटतात. न मिटल्यास कायद्याचा विचार करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात मांडताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे 'हॅश' मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली खूणगाठ. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. म्हणून कापलेली, दाबलेली किंवा फोनवरून फिरून आलेली प्रत ही मूळ फाइल ठरत नाही. कॅमेऱ्यातून उतरलेली फाइल आहे तशी ठेवावी, गिऱ्हाईकाला नक्कल पाठवावी आणि प्रकरण तिथवर गेलेच तर फाइलला हात लावण्यापूर्वी वकिलाला विचारावे. आम्ही दर शुक्रवारी, माग बंद असतात तेव्हा, आठवड्याच्या सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क घरी नेतो. ज्या बिलाचे पैसे जमा झाले आणि तक्रारीची मुदतही संपली, त्याच्या फाइली त्याच दिवशी काढून टाकतो.