दागिना कशाचा आहे?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दागिन्यांना बंदी होती. कानात साधे टॉप्स, बस्स! त्यामुळे दागिना कशाचा बनतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. यंदा वसमतला ताईचं लग्न ठरलं. ताई व्हिगन आहे, म्हणजे दूधसुद्धा घेत नाही. तिने सांगून टाकलं, "माझ्या अंगावर कुठल्याही जिवाचं काही नको." आई म्हणाली, "अगं, सोनं काय प्राण्यापासून काढतात?" दोघींचं भांडण मिटावं म्हणून मी एकेक दागिना अभ्यासाला घेतला.

मोती : नथ मोत्याशिवाय शोभत नाही असं आपण मानतो. जपानच्या मिकिमोतोने १८९३ मध्ये पहिला संवर्धित मोती मिळवला. आज बाजारातले बहुतेक खरे मोती असेच 'पिकवलेले' असतात. एक शिंपला मारून त्याच्या अंगाचा छोटा तुकडा दुसऱ्या जिवंत शिंपल्यात चीर देऊन बसवतात. पुढे मोती काढताना तो दुसराही बहुधा मरतो.

लाख : इथे मी चकित झाले. बोरमाळेचे आणि कोल्हापुरी साजाचे सोन्याचे मणी आतून पोकळ असतात. ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. मोड देताना सराफ लाखेचं वजन वजा करतो ते यामुळेच. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांनी अंगाभोवती तयार केलेली राळ. ती खरवडून, धुऊन, तापवून घेताना किडे मरतात. हैदराबादच्या लाड बाजारातून आपल्याकडे हौसेने आणतात त्या बांगड्याही याच लाखेच्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. झारखंड, छत्तीसगडमधल्या अनेक आदिवासी कुटुंबांचं पोट लाखेवर चालतं.

रेशीम : पटवेकरी दागिने गाठवतात तो गोंडा रेशमाचा असू शकतो. अखंड धागा मिळावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात.

बाकीचे : पोवळं हा समुद्री जिवांचा सांगाडा, तर कवडी ही गोगलगायीचं कवच. हस्तिदंताचा व्यापार मात्र १९८६ आणि १९९१ च्या कायदादुरुस्त्यांनी बंदच झाला.

थोडक्यात, आईचं सोनं निर्दोष निघालं, पण सोन्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारलंच नव्हतं! पुण्यात १९७४ पासून काम करणारी 'ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी' ही संस्था असे प्रश्न विचारत आली आहे. म्हणजे हे फॅड कालचं नाही.

मग खरेदी करताना काय करायचं? सराफाला तीन प्रश्न विचारा : मणी भरीव की पोकळ? पोकळ असेल तर आत काय? दोरा कशाचा? दोऱ्याचं टोक जाळून बघता येतं. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा आला तर सुती, आणि वितळून गोळी झाली तर कृत्रिम. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरखरीत लागला तर खरा, गुळगुळीत लागला तर बहुधा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा. नथीला काचेचे मोती छान दिसतात. काळी पोत तर मुळातच काचेची असते.

आजीची बोरमाळ मोडायची का? मला तसं वाटत नाही. त्यातले किडे काही परत येणार नाहीत. नवी मागणी वाढवायची की नाही, एवढंच आपल्या हातात असतं. ताईलाही हे पटलं. ती लग्नात आजीची बोरमाळ घालणार आहे, पण नवीन घेतलेले मणी भरीव आहेत, संख्येने कमी.

आणि मित्रमैत्रिणींनो, यासाठी परदेशी ब्रँड शोधायची गरज नाही. संक्रांतीचे हलव्याचे दागिने, वारकऱ्यांची तुळशीमाळ, मोगऱ्याचा गजरा हे सगळं व्हिगनच की! आपलं वसमत तर हळदीचं गाव. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. लग्नात नवरा-नवरीच्या हाताला सुती दोऱ्यात हळकुंड ओवून कंकण बांधतात. त्यापेक्षा स्वस्त, सुंदर आणि कुणाचाही जीव न घेणारा दागिना मला तरी अजून सापडलेला नाही.