तयारीचे घर, सुखाचे घर
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील जोडप्यांसाठी पाठ)



आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही नावे वारकऱ्यांना तोंडपाठ असतात. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीत अश्व धावतो. त्या दिवशी लहानशा घरातूनही दहा-वीस माणसे जेवून जातात. हे कसे जमते?

पालखी कधी येणार हे आधीपासून ठाऊक असते, म्हणून जमते. दळण आधी होते, पाणी भरून ठेवले जाते, शेजारणी भाकरी थापायला येतात. माणसे जास्त असली तरी ओझे वाटत नाही, कारण घर तयारीत असते.

संसाराचेही तसेच आहे. पैसा केव्हा येणार, केव्हा संपणार, घरात पाळणा केव्हा हलणार, याचा विचार दोघांनी मिळून आधी केला तर घर ओढाताणीत सापडत नाही. त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. पैसा वर्षाचा, खर्च रोजचा

नीरा डाव्या कालव्याखालचा आपला भाग उसाचा. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो आणि बिल मात्र एकदम किंवा दोन-तीन हप्त्यांत येते. इंदापूरकडच्या डाळिंबाचे, द्राक्षांचेही तसेच. सुपे-मोरगावकडच्या जिराईत पट्ट्यात तर सारे पावसावर. पण मीठ-मिरची, वही-पेन्सिल आणि दवाखाना रोजचा असतो.

बिल जमा झाले की घरात काय बोलणे होते, ते आठवून पाहा.

"अहो, बिल जमा झालं का?"

"झालं. यंदा मोटारसायकल घेऊन टाकू."

"घ्या की. पण आखाडात घरात काय शिजवायचं, ते आधी सांगा."

हा प्रश्न भांडणाचा नाही, हिशेबाचा आहे. समजा, सर्व खर्च वजा जाता हाती १,८०,००० रुपये आले. बाराने भागले तर महिन्याला १५,००० पडतात. पण पुढचे बिल अठरा महिन्यांनी येणार असेल, तर अठराने भागले पाहिजे. मग महिन्याला १०,००० रुपयेच उरतात. पुष्कळ घरे बाराने भागतात आणि शेवटच्या सहा महिन्यांत सावकाराच्या दारात उभी राहतात.

सावकाराचे व्याज शेकडा ३ रुपये महिना म्हटले की थोडे वाटते. पण १०,००० रुपयांवर ते महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० होते. इतके देऊनही मुद्दल जागच्या जागी!

म्हणून बिल आले की क्रम असा ठेवा. आधी सोसायटीचे पीककर्ज फेडा, वेळेवर फेड केली की व्याजात सवलत मिळते. मग तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात वेगळा ठेवा, तो दुखण्या-बाण्यासाठी. त्यानंतर शाळा, आणि शेवटी हौस. दुधाचा पगार येत असेल तर तो घरखर्चालाच लावा.

२०१५ पासून बँकेत व पोस्टात दोन विमे मिळतात. अपघाताचा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवन विमा ४३६ रुपयांत. दोन्हींत २ लाखांचे संरक्षण आहे. नवराच नव्हे, बायकोचाही विमा उतरवा. तिच्या कष्टावरही घर उभे असते.

२. घर सुरक्षित तर माणूस सुरक्षित

• शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुंपण करा. काठाला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. विहीर, हौद, कालवा यांच्याजवळ लेकरू एकटे सोडू नका.

• कीटकनाशके कुलपात ठेवा. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, दूध कधीही भरू नका.

• मण्यार साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही म्हणून कळतही नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावला तर जखम कापू नका, घट्ट दोरी बांधू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, हात-पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. तेथे सापाच्या विषावरची लस मिळते.

• ओल्या हाताने स्टार्टर दाबू नका. मोटारीला आणि घराला अर्थिंग करून घ्या.

• गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या.

• पाण्याची भांडी झाका, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्या. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी घासून कोरडी करा, म्हणजे डेंग्यूचा डास वाढणार नाही.

३. पाळणा केव्हा हलावा, हे दोघांनी ठरवा

मुलीचे १८ आणि मुलाचे २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय लग्न नको. पहिले मूल आईची विशी उलटल्यावर व्हावे आणि दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर असावे. बाळंतपणात आणि अंगावर पाजताना आईच्या शरीरातील जो साठा खर्च होतो, तो भरून यायला वेळ लागतो. थोरले अंगणवाडीत जाऊ लागले की धाकट्याकडे पाहायला आईला सवड मिळते. उसाचे एक बिल दोन पाळण्यांना पुरवण्याची ओढाताणही टळते.

अंतर ठेवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निरोध आहे. तांबी प्रकाराप्रमाणे ५ किंवा १० वर्षे चालते, आणि बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. कोणते साधन आपल्याला योग्य, हे डॉक्टर किंवा नर्सबाई तपासून सांगतील. आशाताईंना विचारायला लाजू नका.

मुले पुरेशी झाली असे दोघांना वाटले, तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. पुरुषाची विनाटाका शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते. त्याच दिवशी घरी जाता येते, पुरुषपणात काही कमी होत नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग तपासणी करून घ्यावी. सगळा भार बाईनेच का उचलावा? निर्णय तुमचा आहे, त्यात कोणाची जबरदस्ती नाही.

आणि मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञान आहे.

४. पाहुण्याआधी घरचे माणूस

आपल्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी, चहा, जेवण दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. ही रीत चांगली आहे. पण त्याच घरात सून सर्वांच्या शेवटी, उरलेल्या कालवणावर भाकरी खाते. ती गरोदर असली तरी! मग तिच्या अंगात रक्त कोठून येणार? पालखीला आलेल्या अनोळखी वारकऱ्याला आपण माउली म्हणतो. पोटात बाळ वाढवणारी माउली घरातच आहे, तिला आधी वाढा. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा, म्हणजे कोणाच्या ताटात काय पडते ते दिसते.

पाहुणचार ऐपतीप्रमाणे करा. पिठले-भाकरीने पाहुण्याचा मान कमी होत नाही. जावळ, बारसे, डोहाळजेवण यांसाठी कर्ज मात्र काढू नका.

तिचे नावही घरावर असू द्या. १९९२ साली राज्य सरकारने लक्ष्मी मुक्ती योजनेने पत्नीचे नाव सातबारावर लावण्याची वाट मोकळी केली. २००३ साली ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर दोघांच्या नावे नोंदवण्याचा निर्णय झाला. तलाठी व ग्रामसेवक यांच्याकडे चौकशी करा. उद्या नवऱ्याचे बरे-वाईट झाले, तर नाव असलेल्या बाईला दारोदार फिरावे लागत नाही.

आज रात्री करावयाचा अभ्यास

जेवणे झाल्यावर, मुले निजल्यावर, दोघे शेजारी बसा. एक वही घ्या आणि ही उत्तरे लिहा.

१) पुढचे बिल किती महिन्यांनी येणार? हातातला पैसा तितक्यांनी भागला काय?
२) आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?
३) पुढचे मूल हवे का? हवे तर केव्हा?
४) घराच्या व जमिनीच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत?

चारही उत्तरे दोघांची सारखी आली तर उत्तमच. नाही आली तर त्याहून बरे, कारण बोलायला सुरुवात झाली. पालखीची तयारी महिनाभर आधी करणाऱ्या आपल्या माणसांना संसाराची तयारी जड नाही.