दोन पेरं माती

मॉन्स्टेराचं खालचं पान पिवळं पडलं ते जुलैत. पुण्यात आठवडाभर ऊन दिसलं नव्हतं आणि मी झाडाला तांब्याभर पाणी घातलं. दोन दिवसांनी बाकीची पानंही माना टाकू लागली. म्हटलं, तहानलंय बिचारं. आणखी एक तांब्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माती ओलीच दिसतेय की." मी ऐकलं नाही.

शेवटी झाड उपसलं. बाहेरची सिरॅमिकची कुंडी मोठी देखणी, पण तळाला भोक नाही. आतली प्लास्टिकची कुंडी चार बोटं पाण्यात उभी आणि वास गटाराचा. एक मूळ चिमटीत धरलं तर साल मोज्यासारखी सरकून आली, मागे राहिला नुसता दोरा. मुळांना हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती गुदमरून कुजतात, मग पाण्यात उभं राहूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. बुडालेलं झाड तहानलेल्यासारखंच दिसतं, आणि मी फसले ती इथेच.

मॉन्स्टेरा मूळचा मेक्सिको ते पनामाच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या खोडांना धरून चढणारा. त्याची बरीच मुळं हवेतच. माझा नर्सरीतून आला होता तो नुसत्या कोकोपीटमध्ये. ते वरून कोरडं दिसतं, आत मात्र ओल धरून बसतं. आता मी त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट आणि थोडं गांडूळखत मिसळते, अंदाजाने.

पाणी घालायचा वार ठरवू नका. तर्जनी दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. माझ्याकडे एप्रिलमध्ये पाचव्या दिवशी पाणी लागतं, पावसाळ्यात कधी पंधरा दिवस लागत नाही. घालाल तेव्हा तळातून वाहीपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून द्या.

माझ्या झाडाची मुळं सगळीच गेली होती. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने खोडाचा धड राहिलेला, डोळा असलेला तुकडा कापला आणि पाण्याच्या बाटलीत ठेवला. नुसतं देठासकट पान ठेवाल तर त्याला नवा कोंब फुटणार नाही. हातमोजे मात्र घाला. हे झाड अळूच्याच कुळातलं, चीक खाजतो. अळूवडीची पानं चिरताना हाताला चिंच लावणारी मी, इथे विसरले आणि संध्याकाळभर मनगट खाजवत बसले.

महिन्याने बाटलीत पांढरं मूळ दिसलं. त्या देखण्या कुंडीत आता छत्र्या ठेवते.