तळ्यावरील साय

वाहत्या नदीचें पाणी आपोआप निवळतें. परसांतील लहान तळ्यास तो लाभ नसतो. पानें, धूळ व मेलेले कीटक प्रथम पाण्यावर तरंगतात. वेळींच न काढल्यास ते भिजून तळाशीं जातात व कुजतात. कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु खर्चितात, आणि पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. पहांटेच कां? कारण रात्रीं पाणवनस्पति प्राणवायु निर्माण करीत नाहींत. उलट त्याही तो घेतात. उन्हाळ्यांत तर संकट अधिकच. १० अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो; ३० अंशांच्या पाण्यांत सुमारें साडेसातच.

यावर उपाय म्हणून अमेरिकेंत व युरोपांत अशा तळ्यांस ‘स्किमर’ बसवितात. साय काढणारा, असा या शब्दाचा अर्थ. त्याची रचना आपण पाहूं.

तळ्याच्या कांठाशीं एक पेटी पुरलेली असते. तिच्या तोंडाशीं, खालच्या कडेस बिजागरीनें जोडलेली तरती झडप असते. पेटीच्या तळाचा पंप पाणी उपसूं लागला कीं आंतील पातळी खालीं जाते, बाहेरच्या दाबानें झडप आंत कलते, आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ थर आंत ओघळतो. पातळपणांतच सारें मर्म आहे. तोंडाची रुंदी तीच ठेवून १० सेंटिमीटर खोलीऐवजीं २ सेंटिमीटर थरांतून तितकेंच पाणी न्यावयाचें, तर त्याचा वेग पांचपट व्हावा लागतो. म्हणून दूरचीं पानेंही ओढलीं जातात. पानें जाळीच्या टोपलींत अडकतात, बारीक कचरा गाळणींत राहतो, व पाणी नळीनें दुसऱ्या टोकाच्या लहान धबधब्यावर जाऊन पडतांना हवेंतील प्राणवायु घेतें. पंप थांबल्यास झडप पुन्हां उभी राहते. कचरा परत फिरत नाहीं.

पेटी वाऱ्याच्या वाहत्या दिशेच्या टोकास बसवावी, म्हणजे वारा कचरा तिच्याकडेच लोटतो. पाणी फार आटलें तर तें झडपेपर्यंत पोंचत नाहीं व पंप कोरडा चालून बिघडतो. फार चढलें तर थर जाड होऊन ओढ मंदावते. विरघळलेला अमोनिया मात्र जाळीस अडत नाहीं. त्याचें रूपांतर करणाऱ्या जंतूंची वस्ती असलेली निराळी गाळणी लागते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं घंगाळांत पाणी घेऊन त्यावर लाकडाचा भुसा पसरावा व एक रिकामी वाटी तिची कड पाण्याखालीं किंचित जाईल इतकीच दाबावी. भुसा चोहोंकडून वाटींत धांवेल. मात्र वाटी भरतांच ओढ संपते. टोपलीचेंही तसेंच, पानगळीच्या दिवसांत ती नित्य रिकामी न केल्यास उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरतें. तें काम पंप करीत नाहीं, तळ्याच्या धन्यासच करावें लागतें.